मध्यम उंचीवरून पडताना

माझी मावशी दहा मिनिटं एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. बसली तरी एक पाय हलत असायचा आणि हातात काहीतरी फिरत असायचं: बसचं तिकीट, रबरबँड, समोरच्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण. आई म्हणायची, "हिच्या पायाला जन्मापासून भिंगरी आहे." आई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती कपडे शिवायची, आणि एकाच खुर्चीत तिनं तीस वर्षं काढली. या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागे.

मावशीचे यजमान, आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची काळजी वाहणारा हा माणूस घरी आला की जमीन सोडायला तयार नसे. मावशी मात्र दर दोन महिन्यांनी घरातलं सामान हलवायची. कपाट खिडकीशी, टेबल दाराशी, पलंग भलतीकडेच. काका कामावरून आले की उंबरठ्यावरच विचारायचे, "माझी खुर्ची या महिन्यात कुठे राहते?"

कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्याकडे होते आणि नंतरही येऊन-जाऊन होतेच. त्यामुळे पुढे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाकीचं काकांनी सांगितलेलं. मावशीला विचारून उपयोग नसतो. ती जुनी गोष्ट पुरी सांगत नाही, अर्ध्यात तिला नवी सुचते.

नटी झाली तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. तोवर बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसायची. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, का उशीर, हे दिवसाला चारशे वेळा सांगायचं आणि मधल्या वेळेत भोंग्यावरून सूचना द्यायच्या. त्या स्थानकावर एकदा सिनेमाचं शूटिंग आलं. तिकीट खिडकीतल्या बाईचं काम करणारी नटी आलीच नाही. दिग्दर्शक वैतागला, घड्याळ बघायला लागला, आणि कुणीतरी म्हणालं, "खिडकीत एक खरी बाई बसलीय, तिलाच घ्या की."

वाक्य एकच होतं. नायक धापा टाकत येतो, तिकीट मागतो, आणि बाईनं म्हणायचं, "खिडकी बंद झाली."

"रागानं बोला," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही त्याला हाकलताय."

"साहेब, मी रोज चारशे जणांना हाकलते," मावशी म्हणाली. "प्रत्येकावर रागवायला लागले तर अकरा वाजेपर्यंत माझंच तिकीट फाटेल."

तिनं ते तिच्या पद्धतीनं केलं. मान वर न करता, वहीत आकडा लिहीत, डाव्या हातानं काच ओढत. आवाजात राग नाही, दया नाही, काही नाही. काच खाली आली आणि नायक पुढचं वाक्य विसरला. खिडकी खरोखर बंद झाली असं त्याला वाटलं. दिग्दर्शकानं तोच तुकडा ठेवला.

त्या दिवशी घरी येऊन तिनं कपाट दोनदा हलवलं. काकांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही. मी रोज जे करते तेच केलं, पण सगळे गप्प बसून बघत होते हो."

दोन वर्षांनी तिनं चौकशीची नोकरी सोडली. आईनं आकाशपाताळ एक केलं. "हातचं सोडून पळत्याच्या मागे! चार दिवस नाचवतील आणि सोडून देतील. मग काय करशील?" मावशीचं उत्तर ठरलेलं होतं: "मग बघू." हे दोन शब्द ती आयुष्यभर इतक्या वेळा म्हणाली की काका तिला 'मगबघू' म्हणायला लागले.

पुढची दहा वर्षं ती मिळेल ते करत राहिली. नर्स, शेजारीण, साक्षीदार, तुरुंगातली पहारेकरीण, रांगेतली भांडखोर बाई. नायिकेला वाईट बातमी देणं हे तिचं खास काम झालं होतं. काम छोटं असलं तरी तयारी मात्र लग्नघरासारखी. ती माणसांच्या मागे फिरायची. अक्षरशः. बाजारात, बसमध्ये, बँकेत एखादी बाई पसंत पडली की मावशी तिच्या मागे. मला लाज वाटायची, पण सोबत जायचा मोहही सुटायचा नाही.

एकदा तिला लंगडणाऱ्या घरमालकिणीचं काम होतं. बाजारात एक पन्नाशीची बाई दिसली. उजवा पाय किंचित ओढत, पण झपझप चालणारी. आम्ही भाजीच्या गल्लीतून, कुलपांच्या दुकानांवरून, पुलाखालून तिच्या मागे. चौकात सिग्नलला ती बाई थांबली आणि गर्रकन वळली.

"अर्ध्या तासापासून माझ्या मागे आहात. काय हवंय?"

मी तिथेच जमिनीत गेले. मावशी म्हणाली, "तुमची चाल."

"काय?"

"मी सिनेमात कामं करते. तुमच्यासारखी चालणारी बाई करायचीय."

त्या बाईनं तिला नखशिखान्त न्याहाळलं. आता थोबाडीत बसणार असं मला वाटलं. ती म्हणाली, "चालून दाखवा."

मावशीनं फूटपाथवर चालून दाखवलं. येणारे-जाणारे वाट देऊन बघायला लागले.

"सोंग आहे हे," बाई म्हणाली. "तुमचं सगळं लक्ष दुखऱ्या पायाकडे. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझं लक्ष चांगल्या पायावर असतं. दोघांचं काम त्या बिचाऱ्याला करायचं असतं ना." मग हातातली जड पिशवी मावशीकडे देत ती म्हणाली, "चला घरापर्यंत. शिकवते. पिशवी तेवढी धरा."

आम्ही तिच्यासोबत तीन गल्ल्या चाललो. दारात पोचेपर्यंत मावशीची चाल अशी झाली होती की वरच्या गॅलरीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बहीण का गं तुझी?"

मग मालिका आली. एका मोठ्या बंगल्यातल्या घरकाम सांभाळणाऱ्या बाईचं काम. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोळ्यांवर साखळीचा चष्मा, आणि दिवसातून दहा वेळा जिना उतरून म्हणायचं, "ताईसाहेब, तुमचा फोन." सहा महिन्यांची बोली होती. ती नऊ वर्षं चालली.

आईचा जीव भांड्यात पडला. आठवड्याचे पाच दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली गाडी. आईची गिऱ्हाइकं ब्लाऊजचं माप देता देता विचारायची, "पुढे काय होणार हो? बहिणीला विचारा ना." आईला पहिल्यांदाच धाकट्या बहिणीचा अभिमान वाटत होता. आणि त्याच नऊ वर्षांत मावशी आतून उकळत होती. तो जिना सोळा पायऱ्यांचा होता. वर खोली नव्हती, नुसती फळी. फळीवर उभं राहायचं, खूण झाली की उतरायचं. ती कधी रेलिंगला हात लावून उतरायची, कधी न लावता, कधी चौथ्या पायरीवर थबकून. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आल्यावर दिग्दर्शकानं सांगितलं, "बाई, रोजच्यासारखं करा."

सहाव्या वर्षी ती मालिकेच्या लेखकाकडे गेली. हा लेखक घामट, सदा घाईत असलेला माणूस होता. गाडीत, जेवताना, कुठेही लिहायचा.

"मला मारा," मावशी म्हणाली.

"कुणाला?"

"मला. जिन्यावरून पडू द्या. सोळा पायऱ्या आहेत, भरपूर झाल्या."

लेखक हसला. "तुम्हाला मारलं तर लोक मला मारतील. आणि फोन कोण आणून देणार?"

सातव्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं. आठव्या वर्षी पुन्हा. नवव्या वर्षी चार ओळींचं पत्र लिहून ती बाहेर पडली. जाताना तिची एकच विनंती होती: शेवटचा एक चांगला प्रसंग द्या. निर्माते हो हो म्हणाले, चित्रणही झालं. तो दाखवणार होते त्या सोमवारी आम्ही सगळे टीव्हीसमोर जमलो; आईसुद्धा शिवण बाजूला ठेवून आली होती. बंगल्यात फोन वाजला. नायिकेनं तो स्वतः उचलला. नवऱ्यानं विचारलं, "बाई कुठे गेल्या?" ती म्हणाली, "भावाकडे गेल्या कायमच्या. अहो, तो लाल शालू कुठे ठेवलाय?"

झालं. नऊ वर्षांचा निकाल एका वाक्यात, आणि तेही शालूच्या आधी.

मावशी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि डबे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर लावायला लागली. आई तिच्या मागे गेली आणि जे बोलू नये ते बोलली. "आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास. तुला सुख बोचतं. आम्ही सगळे आपापल्या जागी बसलोय म्हणून तुला उड्या मारता येतात, कळलं?"

मावशी वळली. "तू बसलीस कारण तुला उठायची भीती वाटते, ताई."

आईनं पिशवी उचलली आणि ती निघून गेली. त्यानंतर चार वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. निरोप माझ्यामार्फत जायचे. "तिला सांग", "तिला म्हणावं". मी पोस्टमन झाले होते.

त्यातली पहिली दोन वर्षं वाईट होती. चौपन्न वर्षांची बाई रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडायची आणि काम नसलं तरी चालत राहायची. चपला झिजवणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं; तिच्या चपलांच्या टाचा एका बाजूनं तिरप्या झालेल्या असायच्या. निवड करणारे सगळीकडे एकच सांगायचे, "तुमचा चेहरा फार ओळखीचा झालाय. तुम्ही आलात की लोकांना फोन आठवतो." दुकानदार हसून म्हणायचे, "ताईसाहेब, तुमचा फोन!" मावशीही हसायची, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जायची. घराच्या आसपास जायला दुकान उरलं नाही तेव्हा काका सामान आणायला लागले.

चेहरा अडचण झाला होता. मग काम आलं ते आवाजाचं. परक्या सिनेमांना आवाज देता देता तिला एका व्हिडिओ गेमसाठी बोलावलं. गेम म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. मी समजावलं: पुरात बुडालेलं शहर आहे, खेळणाऱ्यानं त्यातून वाट काढायची, आणि एक म्हातारी नावाडीण त्याला होडीतून नेते. मावशीनं विचारलं, "सिनेमात माणूस एकदा मरतो. यात?"

"खेळणारा चुकेल तितक्या वेळा."

"बरं आहे की," ती म्हणाली. "मला नऊ वर्षांत एकदाही दिलं नाही."

स्टुडिओ म्हणजे भिंतींना राखाडी स्पंज लावलेली एक छोटी खोली, एक माईक, आणि काचेपलीकडे आवाजाचं काम बघणारी एक तिशीतली मुलगी. तिच्या गळ्यात कायम हेडफोन, म्हणून मावशी तिला 'कानवाली' म्हणायची. हातात दिलेला कागदांचा गठ्ठा दारात पाचर म्हणून लावता येईल एवढा जाड. संवाद संपल्यावर नुसती यादी होती: घाव, हलका. घाव, जोरात. थंडी. धाप. पडणे, कमी उंची. पडणे, मध्यम उंची. पडणे, खूप उंची.

"मध्यम म्हणजे किती?" मावशीनं विचारलं.

कानवाली विचारात पडली. "म्हणजे... मरत नाही, पण मोडतं."

मावशीनं सात-आठ प्रकारे ओरडून पाहिलं. तिचं तिलाच पटेना. उद्या करते म्हणाली. घरी येऊन तिनं काकांना धरलं. काका एकदा लिफ्टच्या टपावरून मजलाभर खाली पडले होते. मनगट मोडलं होतं.

"तुम्ही पडलात तेव्हा काय ओरडलात?"

काकांनी चहा खाली ठेवला. नीट आठवलं. "ओरडलो नाही. 'अरे' म्हणालो."

"एवढंच?"

"पडताना एवढंच. म्हणजे असं, कुणी ओळखीचं भेटावं तसं. खाली पोचल्यावर थोडा वेळ काहीच नाही. मग ओरडलो."

दुसऱ्या दिवशी तिनं तसंच केलं. छोटासा, नवल वाटल्यासारखा "अरे", मग शांतता, आणि मग तो आवाज. कानवालीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "आता मला त्या म्हातारीला पडू द्यावंसं वाटत नाहीये."

तिचा आवाज आवडला म्हणून हालचालीही तिच्याच घ्यायच्या ठरल्या. अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर सुपारीएवढे चकचकीत गोळे चिकटवलेले, आणि रिकाम्या हॉलभर कॅमेरे. कॅमेरे फक्त गोळे बघतात. कॉम्प्युटरात त्या हालचालींवर दुसराच देह चढवला जातो. मावशीनं त्या म्हातारीला बाजारातल्या बाईची चाल दिली, चांगल्या पायावर लक्ष ठेवून. तिथून आली की तिचा चेहरा खुललेला असायचा. "तिथे माझं तोंड कुणाला नकोय गं! काय सुख आहे!"

गेम चालला. म्हणजे किती, ते आम्हाला एका सकाळी कळलं. नळाला पाणी नव्हतं म्हणून मावशीनं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फोन केला. दोन वाक्यं बोलली आणि पलीकडच्या माणसानं तिला थांबवलं. मग म्हणाला, "बाई, रागावू नका. तुम्ही त्या होडीवाल्या आजी का?" मागे वळून तो ओरडला ते आम्हालाही ऐकू आलं: "अरे, नावाडीण बोलतेय, आणि म्हणते पाणी नाही!" सगळं ऑफिस हसलं. पाणी मात्र तासाभरात आलं.

पण त्या कामानंच तिला खाल्लं. गेममध्ये भर घालायची म्हणून आगीचे, लढाईचे आवाज लागले. ठरले होते दोन तास. मावशी चार तास ओरडत राहिली, कारण प्रत्येक वेळी तिला आणखी एक प्रकार सुचायचा. कानवालीनं तीनदा सांगितलं, "आता पुरे." मावशी म्हणाली, "एकच." बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडातून हवा येत होती, शब्द नाही.

डॉक्टरांनी नळीतून बघितलं. स्वरतंतूंवर गाठ. आधी तीन आठवडे पूर्ण मौन, मग छोटं ऑपरेशन, मग पुन्हा दोन आठवडे मौन. "कुजबुजायचंही नाही," डॉक्टर म्हणाले. "घसाही खाकरायचा नाही." मावशीनं त्यांच्या टेबलावरचा कागद ओढून लिहिलं: "मग जगायचं कसं?"

ते पाच आठवडे घर थरथरत होतं. बोलता येत नाही म्हणून तिच्या हातापायांना दुप्पट काम. कप आपटायचे, दारं वाजायची, टाळ्या वाजवून माणसं बोलावली जायची. वह्यांमागून वह्या भरल्या. रागावली की अक्षरं जाड, फार रागावली की पेन कागदातून आरपार. काका शांतपणे वाचायचे आणि म्हणायचे, "यातला तिसरा शब्द लागत नाही." ती पेन फेकायची. काका उचलून आणून द्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात आई आली. निरोप न पाठवता, स्वतः. दारातून आत आली, मावशीच्या समोर बसली, आणि बोलायला लागली. चार वर्षांचं सगळं. ते शालूचं, ते "उठायची भीती" म्हणालेलं, लहानपणी हिनं आईची पेन्सिल मोडलेली, हिच्यामुळे आईचं कुठलंसं शिक्षण राहिलेलं. तासभर. मावशी मध्ये तोंड उघडायची आणि मी ओठांवर बोट ठेवायची. ती लाल झाली, उठली, बसली, उशी आवळून धरली. आयुष्यात पहिल्यांदा तिला मोठ्या बहिणीचं पूर्ण ऐकून घ्यावं लागत होतं.

आई शेवटी म्हणाली, "होय, वाटायची मला भीती. मग? ते तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची काय गरज होती?" आणि तिचा आवाज चढला आणि फुटला.

मावशीनं वही ओढली.  मग लिहिलं आणि वही आईकडे फिरवली. "हळू बोल. मी मुकी झालेय, बहिरी नाही."

आईनं वाचलं. एक क्षण काय होईल सांगता येत नव्हतं. मग आईला हसू फुटलं, आणि मावशीला हसायलाही बंदी होती, म्हणून ती तोंड दाबून खुर्चीवर हलत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यानंतर मौन संपेपर्यंत आई रोज दुपारी शिवण घेऊन यायची.

ऑपरेशन नीट झालं. आवाज आला, पण तो नव्हे. खरबरीत, खाली बसलेला, वरची पट्टी पार गेलेली. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता उत्तम आहे. मावशीनं न्हाणीघरात जाऊन एकदा "अरे" म्हणून पाहिलं. बाहेर आली तेव्हा काही बोलली नाही, आणि या वेळी तिला कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं.

वर्षभरानं गेमचा दुसरा भाग निघाला. कानवाली स्वतः घरी आली. तिला बोलायला अवघड जात होतं.

"दोन रस्ते आहेत," ती म्हणाली. "तुमचा जुना आवाज आमच्याकडे तासन्‌तास आहे. तुम्ही परवानगी दिलीत तर कॉम्प्युटर त्यातून नवी वाक्यं तयार करेल. तुम्हाला यावंही लागणार नाही. नाहीतर दुसरी नटी घ्यावी लागेल."

आई पटकन म्हणाली, "घरबसल्या काम. दे ना सही."

मावशी खोलीत येरझाऱ्या घालत होती. खिडकी, दार, खिडकी. "म्हणजे मी घरी बसणार आणि माझा आवाज कामाला जाणार?"

"तसंच काहीसं," कानवाली म्हणाली.

"मग तो कंटाळला, थकला, त्याला काही नवीन सुचलं, तर?"

"त्याला नवीन सुचणार नाही."

"मग तो माझा कसला?" मावशी म्हणाली. "दुसरी घ्या. पण तिला मी तयार करणार."

मीच तिला स्टुडिओत घेऊन गेले. नवी नटी चाळिशीची, घाबरलेली, आणि तिनं जुना गेम ऐकून ऐकून मावशीची हुबेहूब नक्कल पाठ केली होती. पहिलं वाक्य झालं आणि मावशी काचेआडून ओरडली, जितकं ओरडता येत होतं तितकं: "माझी नक्कल करू नकोस! मी त्यात कुठेच नाहीये. होडी जड आहे, पाणी वाढतंय, आणि हा समोर बसलेला माणूस निरुपयोगी आहे. त्याच्याशी बोल."

दुपारपर्यंत तिनं त्या बाईला भंडावून सोडलं. आठव्या वेळी ती बाई चिडली. खरोखर चिडली, कागद खाली टाकला, आणि त्याच चिडीत ते वाक्य म्हणाली. खोलीत होडी आली. मलाही पाणी दिसलं. कानवालीनं मावशीकडे पाहिलं, पण मावशी जागेवर नव्हती.

ती कॉरिडॉरमध्ये होती. झेरॉक्स मशीनपासून जिन्यापर्यंत आणि परत, भराभर. मी बाजूला उभी राहिले. चार-पाच फेऱ्या झाल्या.

"बरी करते," ती म्हणाली.



आणखी एक फेरी. "माझ्यापेक्षा बरी करते." मग भिंतीला पाठ टेकून ती उभी राहिली, दोन्ही हात स्थिर. तसं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीतीच वाटली. मिनिटभरानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ते तिसरं वाक्य मात्र अजून कच्चं आहे," आणि पुन्हा आत गेली.

त्या खरबरीत आवाजावर तिला नंतर कामं मिळाली: एका सिनेमात न्यायाधीश, एका मालिकेत तस्करांच्या टोळीतली म्हातारी. मालिकेच्या करारात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: "वीस भागांनंतर मरण." लेखकानं एकोणिसाव्यातच मारलं; ती खूश होती. पण तिचं मन लागलं ते त्या काळ्या पोशाखात. आवाज दुसऱ्याचा आणि हालचाली हिच्या, अशी कामं ती धावून धावून घेते. आज ती चौसष्ट वर्षांची आहे. आतापर्यंत तिनं दोन सैनिक, एक भूत, आणि तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या केल्या आहेत, ज्यांतल्या दोघी एकमेकींशी कुस्ती खेळतात.

गेल्या महिन्यात अस्वल होतं. पिल्लं असलेली म्हातारी अस्वलीण. आईला बघायचं होतं. सत्तरीच्या आईनं कधी स्टुडिओ पाहिला नव्हता. मी तिला हॉलच्या कडेला खुर्ची दिली. मावशी गोळे लावलेल्या पोशाखात मध्यभागी आली, गुडघ्यांना पॅड बांधले, आणि चार पायांवर उतरली. आईनं कपाळावर हात मारला. "या वयात अस्वल! लोक काय म्हणतील?"

"लोकांना अस्वलच दिसणार आहे," मी म्हणाले.

समोरच्या पडद्यावर खरंच अस्वल होतं. राखाडी, थकलेलं, एका खांद्यानं थोडं कललेलं. मावशी चालली तसं ते चाललं. थांबून तिनं मान वळवली, मागे कुणी राहिलं का बघावं तशी, आणि पडद्यावरच्या त्या जनावरानं आमच्याकडे पाहिलं. आई खुर्चीत पुढे सरकली. मग बघते तर आई उठून उभी राहिली होती, पर्स छातीशी धरून, आणि पडद्याजवळ चालली होती. एका तंत्रज्ञानं तिला अडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

काम संपलं. मावशी धापा टाकत उठली, गुडघे चोळत आली. आई तिच्या पोशाखाची शिवण बोटांनी तपासत होती.

"ही बगलेत उसवणार आहे," आई म्हणाली. "दुखलं का गं गुडघ्याला?"

"उद्या सांगते," मावशी म्हणाली. पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी प्यायली, आणि या कामावरही असलेल्या कानवालीकडे वळून विचारलं, "उद्या लांडगाच आहे ना? किती म्हातारा?"